याजकपणाचा ‘सनातन’ करार

बायबलमधील ‘गणना’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात एका हत्येची हकीकत आली आहे. शिट्टीम येथे तळ पडला असता इस्राएली लोक मवाबी स्त्रियांच्या नादाने बआल-पौर या दैवताच्या भजनी लागले व छावणीत मरी उद्भवली. अहरोनाचा नातू फिनहास याने जिम्री नावाचा इस्राएली कुलप्रमुख व कजबी ही मिद्यानी स्त्री यांना भाल्याने भोसकले, तेव्हा ती थांबली. तोवर चोवीस हजार माणसे मेली होती. या कृत्याबद्दल परमेश्वराने फिनहासाला व त्याच्या वंशाला याजकपणाचा सनातन करार दिला, असे तेथे सांगितले आहे. ज्याचे कार्य यज्ञवेदीपाशी, ज्याला प्रेताचा स्पर्शही निषिद्ध, अशा याजकाच्या अधिकाराची सनद रक्तपातातून निघावी हे वाचकाला चमत्कारिक वाटते. तथापि ती एकटी नाही. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशेच्या आज्ञेवरून लेवींनी सुमारे तीन हजार स्वकीयांचा वध केला व त्यामुळे त्यांना परमेश्वराच्या सेवेचा अधिकार लाभला, अशी कथा ‘निर्गम’ ग्रंथातही आहे.

‘करार’ असे ज्याचे मराठी भाषांतर रूढ झाले तो हिब्रू शब्द ‘बरीथ’. करार ‘करणे’ याला हिब्रूत करार ‘कापणे’ म्हणतात. पशू कापून त्याच्या दोन भागांमधून जाण्याचा विधी त्यामागे आहे. सीनाय पर्वतावरील करार दुपक्षी होता. प्रजेने आज्ञा मोडल्यास शाप ठरलेला. याजकपणाचा करार निराळ्या जातीचा आहे. मोशे वाइनफेल्ड यांनी 1970 साली पुढे मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे तो प्राचीन पश्चिम आशियातील राजे निष्ठावंत सेवकाला जी वंशपरंपरागत देणगी देत, तिच्या धर्तीचा आहे. मराठी वाचकाला येथे वतनाची आठवण व्हावी. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. अहरोनाच्या घराण्याची उपजीविका अर्पणांतील हक्कांवर चाले, आणि त्या हक्कांना ‘मिठाचा सनातन करार’ असे नाव होते. महाराष्ट्रातील महजर ज्यांनी चाळले असतील त्यांना ठाऊक आहे की, वतन निर्वेध चालले असता त्याबद्दल फारसे कागद होत नाहीत; कागद होतात ते तंटा उपस्थित झाल्यावर. याजकपणाच्या कराराचे उल्लेख याच दृष्टीने वाचले असता त्यांचा अर्थ उलगडतो.

प्रारंभी याजकपण एका वंशाकडेच होते असे दिसत नाही. ‘शास्ते’ या ग्रंथातील मीखा आपल्या घरच्या देवघरात प्रथम स्वतःच्या मुलालाच याजक नेमतो. पुढे बेथलेहेमहून आलेला एक तरुण लेवी सालिना दहा रुपये, कपडे व जेवण एवढ्यावर त्याच्याकडे राहतो, आणि दान वंशाचे लोक अधिक मोठी जागा देऊ करताच आनंदाने त्यांच्यामागे जातो. दान येथील याजकघराण्याचा मूळ पुरुष गेर्षोमाचा मुलगा योनाथान. हा गेर्षोम मोशेचा मुलगा. परंतु हिब्रू पोथ्यांत मोशेच्या नावात एक ‘नून’ हे अक्षर ओळीच्या वर टांगून त्याचे ‘मनश्शे’ केलेले आहे. मूर्तिपूजकांच्या याजकाचा आजा मोशे असणे लेखनिकांना रुचले नसावे. अक्षर टांगले, पण ओळीत मिसळले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे.

‘सनातन’ शब्द मागे घेतला गेल्याचे उदाहरणही त्याच वाङ्मयात आहे. शिलो येथील एलीच्या घराण्याला निरंतर सेवेचे वचन होते. मुलांच्या दुराचारामुळे ते रद्द झाले, असे ‘शमुवेल’ ग्रंथात ईश्वराच्याच तोंडून वदविले आहे. यामागील राजकारण ‘राजे’ ग्रंथ लपवीत नाही. एलीचा वंशज अब्याथार याने गादीच्या वादात अदोनीयाचा पक्ष धरला. शलमोनाने त्याला अनाथोथ गावी हाकलून सादोकाला त्याच्या जागी बसविले. इ. स. पू. 622 च्या सुमारास योशीयाने गावोगावची उच्चस्थाने मोडली, तेव्हा तेथील याजकांना यरुशलेमच्या वेदीवर चढता आले नाही. त्यांना भाकरीपुरते मात्र वाटेकरी ठेवले. त्यानंतर काही दशकांनी बाबेलच्या बंदिवासात यहेज्केलाने या वस्तुस्थितीला धर्मशास्त्राचे रूप दिले: वेदीचा अधिकार सादोकाच्या पुत्रांना, इतर लेवींना द्वारपालपण. बंदिवासानंतरच्या काळात मलाखी याजकांवरच उलटला आणि त्यांनी लेवीचा करार भ्रष्ट केला, असा आरोप त्याने केला. उलट, दावीद व लेवी या दोघांचेही करार दिवसरात्रीच्या क्रमाइतके अढळ आहेत, असे सांगणारा उतारा यिर्मयाच्या हिब्रू ग्रंथात आढळतो. जुन्या ग्रीक भाषांतरात तो मुळीच नाही. तो उत्तरकालीन भर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

या तंट्याचा सर्वांत बोलका पुरावा बेन सीराच्या ग्रंथात आहे. इ. स. पू. 180 च्या सुमारास यरुशलेममध्ये लिहिणाऱ्या या पंडिताने महायाजक शिमोनाचे मोठे रसाळ वर्णन केले व शेवटी, फिनहासाचा करार शिमोनाच्या वंशात आकाश असेपर्यंत टिको, अशी प्रार्थना केली. ग्रंथाचे हिब्रू हस्तलिखित कैरोच्या सिनेगॉगमधील कोठीतून 1896 पासून उजेडात येऊ लागले, तेव्हा ही प्रार्थना अभ्यासकांना प्रथम वाचावयास मिळाली. कारण बेन सीराच्या नातवाने इ. स. पू. 132 नंतर मिसर देशात केलेल्या ग्रीक भाषांतरात तेथे ना शिमोन आहे, ना फिनहास. आजोबा व नातू यांच्या दरम्यान सारे उलटेपालटे झाले होते. इ. स. पू. 175 मध्ये शिमोनाचा मुलगा यासोन याने सेल्युकिद राजाला द्रव्य देऊन आपल्या भावाचे महायाजकपद मिळविले. तीन वर्षांनी मेनेलाऊसने अधिक द्रव्य देऊन ते त्याच्याकडून घेतले. आणि घराण्याचा एक वारस मिसरात जाऊन लिओंटोपोलिस येथे निराळे मंदिर उभारून बसला. जी प्रार्थना इतिहासाने फेटाळली ती नातवाने भाषांतरातून गाळली, असा तर्क येथे सहज होतो.

त्याच फिनहासाचे नाव मात्र दुसऱ्या घराण्याच्या उपयोगी पडले. मोदीन गावी मत्तथ्या याने राजाज्ञेने बळी देण्यास पुढे झालेल्या यहुद्याला वेदीवरच ठार केले, तेव्हा त्याने फिनहासाप्रमाणे केले, असे ‘मक्काबी’चा पहिला ग्रंथ मुद्दाम नमूद करतो, आणि मृत्युशय्येवर मत्तथ्याच्या तोंडी फिनहासाचा ‘आमचा पिता’ म्हणून उल्लेख येतो. हे घराणे याजकांचे, पण महायाजकांचे नव्हे. वंशाने जे सिद्ध होत नव्हते ते आवेशाने सिद्ध करावयाचे होते. इ. स. पू. 140 मध्ये मत्तथ्याचा मुलगा शिमोन याला लोकांनी ‘सनातन’ महायाजक ठरविले. मात्र विश्वासू संदेष्टा उत्पन्न होईपर्यंत, अशी पुस्तीही जोडली. सनातनाला घातलेली ही मुदत त्या सनदेतील सर्वांत सावध शब्दयोजना होय. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत आपल्या पंथाच्या याजकांना ‘सादोकाचे पुत्र’ म्हणणारे लोक भेटतात. यरुशलेममधील एका महायाजकाला ते ‘दुष्ट याजक’ म्हणतात, आणि तो हसमोनी घराण्यातीलच असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

ख्रिस्ती धर्मशास्त्रापुढील अडचण याहून मोठी होती. येशू यहूदा वंशाचा; त्या वंशाला वेदीशी संबंध नव्हता. ‘इब्री लोकांस पत्र’ या लेखाचा अज्ञात कर्ता ही अडचण झाकीत नाही, उघड मान्य करतो. अहरोनाच्या वंशावळीत जागा शोधण्याऐवजी तो तिच्या मागे जातो: अब्राहामाने शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याला दशमांश दिला, तेव्हा लेवी अजून आपल्या पूर्वजाच्या देहातच होता, अर्थात लेवीनेही तो दिला. शिवाय एकशेदहाव्या स्तोत्रातील याजकपण शपथपूर्वक दिलेले आहे, लेवींचे शपथेवाचून. युक्तिवाद चतुर आहे, पण फिनहासाचे नाव त्यात कोठेही येत नाही. ज्या वचनात लेवी याजकपणाला स्पष्टपणे ‘सनातन’ म्हटले होते, नेमके तेच वचन पत्रकर्त्याने अनुच्चारित ठेवले. त्याने आधार घेतला तो यिर्मयाच्या ‘नव्या करारा’चा.

त्या पत्राप्रमाणे याजक एकच उरला. तरी चर्चमध्ये जुनी शब्दावली लवकरच परतली. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटने शिस्तीचा दाखला म्हणून महायाजक, याजक व लेवी यांची उतरंड पुढे केली. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन बिशपाला सरळ याजक म्हणू लागला. लूथरने 1520 मध्ये बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे असे प्रतिपादन केले; ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये त्याचा निषेध केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये दोन्ही याजकपणे मान्य केली, पण त्यांतील भेद केवळ पायरीचा नसून स्वरूपाचा आहे असे ठरविले.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळल्यावर यहुदी याजकांना वेदी उरली नाही, वंश उरला. सिनेगॉगमध्ये आशीर्वादासाठी हात उंचावणे, शास्त्रवाचनाचा पहिला मान, ज्येष्ठ पुत्राच्या सोडवणुकीचे पाच शेकेल, एवढे हक्क कोहेन घराण्यांकडे राहिले. याजकांच्या चोवीस वर्गांची नावे व गालीलातील त्यांची वसतिस्थाने सिनेगॉगमधून कोरून ठेवीत. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या अशा एका संगमरवरी फलकाचे तुकडे 1962 मध्ये कैसरिया येथील उत्खननात मिळाले. त्यांपैकी एकावर अठराव्या वर्गाच्या गावाचे नाव वाचता येते. ते गाव नासरेथ होय.