प्रौढ प्रवेशार्थी आणि परिचर्याशिक्षण : नागपूरच्या इतिहासातील एक प्रकरण

१

धंतोली हा नागपूरच्या सीताबर्डीला लागून असलेला भाग. सुशिक्षित मध्यमवर्गाची वस्ती म्हणून तो वाढला. १९२८ साली येथे रामकृष्ण मठ स्थापन झाला. आणि गेल्या काही दशकांत खाजगी रुग्णालयांची येथे इतकी दाटी झाली आहे की विदर्भातील दूरच्या तालुक्यांतून व शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रोगी येथे आणले जातात. ह्या इमारतींपैकी कित्येकांच्या पाट्यांवर ‘शुश्रूषागृह’ किंवा ‘नर्सिंग होम’ असे शब्द असतात. शब्द शुश्रूषेचा, नाव मात्र वैद्याचे. ज्यांच्या कामावरून संस्थेच्या ह्या प्रकाराला नाव मिळाले त्या परिचारिका कोण होत्या व ह्या व्यवसायात त्या कोणत्या वाटेने आल्या, हा प्रश्न आपल्या सामाजिक इतिहासलेखनाने फारसा हाती घेतलेला नाही.

त्यातील एकाच अंगाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. एक जीवनक्रम अथवा एक शिक्षण पत्करून झाल्यानंतर, वयाच्या पंचविशीत वा तिशीत, जी व्यक्ती परिचर्येकडे वळते तिला आपल्या शिक्षणव्यवस्थेने कसे वागविले? अमेरिकेत अन्य विषयातील पदवीधरांना परिचर्येची पदवी देणारे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. त्यामुळे असे वृत्त्यंतर ही एक पाश्चात्त्य व अलीकडची गोष्ट आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. धंतोलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, सीताबर्डीत, शंभर वर्षांपूर्वी हा व्यवसाय ज्यांनी प्रतिष्ठेस चढविला त्या स्त्रिया आयुष्याच्या दुसऱ्या पर्वातच त्यात आलेल्या होत्या. पुढे व्यवसायाला कायद्याचा व विद्यापीठाचा आधार मिळाला तेव्हा त्याचा दर्जा निश्चितच उंचावला; परंतु त्याच प्रक्रियेत ह्या उशिरा येणाऱ्यांची वाट अरुंद झाली. हा लाभ आणि ही हानी एकत्र तपासणे हा ह्या निबंधाचा हेतू आहे.

२

आधुनिक परिचर्याशिक्षणाचा आरंभ १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेल्या शाळेपासून मानतात. ह्या शाळेने उमेदवारांसाठी इष्ट मानलेले वय २५ ते ३५ होते. आजच्या वाचकाला ही मर्यादा चमत्कारिक वाटेल. पण तिच्यामागील विचार स्पष्ट आहे. रुग्णाच्या उशाशी जी बसावयाची तिने आजार, मृत्यू व दारिद्र्य हे आधी थोडेफार पाहिलेले असावे, आणि परक्या माणसांत स्वतःचा तोल सांभाळण्याइतकी ती प्रौढ असावी, अशी अपेक्षा होती. स्वतः नाइटिंगेल यांनी कुटुंबाचा विरोध पत्करून ह्या कामाचे शिक्षण घेतले ते वयाची तिशी गाठल्यावर.

मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था १८८० नंतरच्या दशकात आकारास येऊ लागली. १८८५ साली निघालेल्या डफरिन फंडाने स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय साहाय्य मिळावे ह्या हेतूने अनेक शहरांत रुग्णालये व प्रशिक्षणाच्या सोयी उभ्या केल्या. पण शिकावयास येणार कोण, हा खरा प्रश्न होता. बाळंतपण हे आपल्याकडे सोयेराचे. ज्या सुईणीने नाळ कापावयाची तिला कामाच्या दिवशी घरात घ्यावयाचे व एरवी अंगणाबाहेर ठेवावयाचे, हा सर्वमान्य रिवाज होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे, ह्यांपैकी कोणतीही एक गोष्ट उच्चवर्णीय कुलवधूला वर्ज्य ठरविण्यास पुरेशी होती. म्हणून आरंभी ह्या शिक्षणाकडे वळल्या त्या बहुधा ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुली.

हिंदू समाजातून जो पहिला ठळक वर्ग ह्या दिशेने आला तो विधवांचा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९०९ साली पुणे सेवासदनाची स्थापना झाली, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांना पाठबळ दिले. अशा संस्थांतून शिकणाऱ्या विधवेपुढे स्वावलंबनाच्या वाटा मुख्यतः दोन होत्या : शिक्षिका होणे किंवा परिचारिका होणे. पहिली वाट समाजाने पुष्कळ लवकर मान्य केली. दुसरीला अधिक काळ लागला, आणि ती मान्य करून घेण्याचे श्रेय चालणाऱ्या स्त्रियांचेच आहे.

३

नागपुरातील प्रकरण ह्या पार्श्वभूमीवर पाहावयाचे. कमलाबाई होस्पेट यांचा जन्म १८९६ सालचा. त्या माहेरच्या मोहोनी, खानदेशातील शिरपूरच्या. अल्पवयातच विवाह व पाठोपाठ वैधव्य, हा त्या पिढीतील असंख्य मुलींचा क्रम त्यांच्याही वाट्यास आला. पुढे नागपुरात डफरिन रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण घेतले. आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या सहकार्याने सीताबर्डीत एक छोटे प्रसूतिगृह काढून मातृसेवा संघाची स्थापना केली.

हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९२० च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन नागपुरास भरले होते व असहकाराच्या ठरावाने शहर भारून गेले होते. त्या काळाच्या इतिहासात प्रभातफेऱ्या, सभा व बहिष्कार यांची नोंद विस्ताराने आढळते. त्याच शहरात, पाठोपाठच्या वर्षी, दोन परिचारिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रसूतिगृह उघडावे, ही घटना त्या नोंदींच्या मानाने लहान भासते. परंतु तिच्यातील नावीन्य मोठे आहे. रुग्णालय म्हणजे सरकारचे वा मिशनचे, आणि त्याचा प्रमुख म्हणजे डॉक्टर, असा तेव्हाचा सार्वत्रिक अनुभव. येथे संस्थेच्या मुळाशी परिचर्या होती व संस्थापक परिचारिका होत्या. ‘मातृसेवा’ हा शब्दही सूचक आहे. बाळंतिणीच्या बाजेजवळचे जे काम विटाळाचे म्हणून खाली लोटले गेले होते, त्यालाच ह्या नावाने सेवेच्या कोटीत आणून बसविले.

मातृसेवा संघाच्या शाखा पुढे विदर्भात व मध्य प्रदेशात निघाल्या, परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, मतिमंद मुलांसाठी शाळा व समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. १९६१ साली कमलाबाईंना पद्मश्री मिळाली. १९८१ साली त्या निवर्तल्या. ह्या विस्ताराची येथे केवळ नोंद करतो, कारण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न आरंभीचाच आहे : त्या शिकण्यास आल्या तेव्हा बरोबर काय घेऊन आल्या? शाळेचा दीर्घ अभ्यासक्रम त्यांच्यापाशी नव्हता. पण स्त्रीचे घरातील स्थान काय असते, बाळंतीण आपली वेदना कोणापाशी बोलू शकत नाही, आणि आधार तुटलेल्या बाईला आश्रयाची किती गरज असते, हे ज्ञान त्यांना कोणत्याही वर्गात शिकविले गेले नसते. प्रशिक्षणाने त्या अनुभवाला शास्त्राची शिस्त दिली, आणि अनुभवाने त्या शास्त्राला येथील घरांत प्रवेश मिळवून दिला.

४

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. वृत्त्यंतर म्हणजे एक वृत्ती सोडून दुसरी स्वीकारणे. त्यात निवड गृहीत असते. बालविधवेने सोडली ती वृत्ती नव्हती. तिच्याजवळून संसार हिरावला गेला होता, आणि पुढच्या वाटाही समाजाने दोनच ठेवल्या होत्या. तेव्हा तिला आजच्या पदवीधर वृत्त्यंतर करणाऱ्या स्त्रीच्या पंक्तीस बसविणे युक्त होईल काय?

आक्षेप साधार आहे, आणि त्याने आपल्याला एका मोहापासून वाचविले पाहिजे. विधवांनी हा व्यवसाय घडविला ह्याचा गौरव करताना, ज्या क्रूर व्यवस्थेने त्यांना तिकडे ढकलले तिचाच अप्रत्यक्ष गौरव होण्याचा धोका असतो. व्यवसायाला प्रौढ व अनुभवी स्त्रिया लाभल्या, त्याचे कारण पुष्कळ अंशी त्यांचे दुर्दैव हे होते. दुसरी गोष्ट अशी की, ‘सेवा’ ह्या शब्दाने जी प्रतिष्ठा दिली तिची किंमतही वसूल केली. जी सेवा करते तिने वेतन, निवास व कामाचे तास यांविषयी बोलू नये, अशी अपेक्षा त्या शब्दात दडलेली होती, आणि ती आजही पूर्णपणे गेलेली नाही.

परंतु निवडीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी शिक्षणशास्त्राचा प्रश्न उरतोच. प्रवेशार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही, आणि तिच्या पूर्वायुष्याला काही मोल आहे, हे त्या पिढीतील संस्थाचालकांनी व्यवहारात मान्य केले होते. पुढच्या व्यवस्थेने नेमकी हीच गोष्ट विसरावी, हा इतिहासातील विरोधाभास आहे.

५

तो विरोधाभास कसा घडला? मध्यप्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३६ साली झाला. नोंदणी म्हणजे विहित अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र. अर्धशिक्षित दाईपासून व भोंदूपणापासून रुग्णाचे रक्षण होण्यास ते आवश्यक होते. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका आहे असे समितीने दाखविले, व परिचर्येच्या विद्यापीठीय पदवीची शिफारस केली. त्याच वर्षी दिल्ली येथे व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. हे विद्यापीठ १९१६ साली स्थापिले कर्व्यांनीच; म्हणजे विधवांच्या आश्रमापासून निघालेली एक शाखा अखेरीस परिचर्येच्या पदवीपर्यंत येऊन पोचली, असे म्हणावयास हरकत नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पुढे राज्यातील ह्या शिक्षणाचे नियमन आले.

पदवीने परिचारिकेला विद्यापीठात स्थान दिले. तिला संशोधन, अध्यापन व प्रशासन यांची दारे उघडली. परंतु ही पदवी कल्पिली गेली ती शाळेतून थेट येणाऱ्या मुलीसाठी. प्रवेशाची अट बारावीची, तीही भौतिक, रसायन व जीवशास्त्रासह. अवधी ४ वर्षांचा. आता नागपूर विद्यापीठाची मराठीची, समाजशास्त्राची वा गृहअर्थशास्त्राची एखादी पदवीधर स्त्री घ्या. काही वर्षे तिने शाळेत शिकविले आहे अथवा घरातील दीर्घ दुखणे काढले आहे, आणि आता तिला परिचर्येकडे वळावयाचे आहे. बारावीस विज्ञान नसल्यास पदवीचे दार तिला बंद. वयाची अट आड न आल्यास ३ वर्षांची पदविका तिला करता येईल, आणि त्यानंतर पदविकाधारकांसाठी असलेला २ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ती परिचर्येची पदवीधर होईल. एकूण वर्षे ५. तिच्या पहिल्या पदवीचे मोल ह्या हिशोबात शून्य. नियम तिच्याकडे बारावीची विद्यार्थिनी म्हणून पाहतो. मधली वर्षे जणू घडलीच नाहीत.

६

अमेरिकेने ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात परिचारिकांचा तुटवडा पडला तेव्हा १९१८ च्या उन्हाळ्यात व्हासार महाविद्यालयात केवळ पदवीधर स्त्रियांसाठी एक प्रशिक्षण शिबिर भरविण्यात आले. तेथे मूलभूत विज्ञाने शिकून त्या रुग्णालयीन शाळांत गेल्या, आणि पूर्वशिक्षणाबद्दल त्यांच्या नेहमीच्या ३ वर्षांच्या अवधीत सूट देण्यात आली. १९२३ साली येल विद्यापीठात परिचर्येची स्वतंत्र शाळा निघाली. ॲनी गुडरिच तिच्या पहिल्या अधिष्ठाता. १९३४ पासून ह्या शाळेने प्रवेशास कोणत्याही विषयाची पदवी आवश्यक केली व शिक्षणाअंती परिचर्येतील उच्च पदवी देण्यास आरंभ केला. १९७० नंतर हा विचार विस्तारला. १९७१ साली सेंट लुई विद्यापीठाने अन्य विषयांतील पदवीधरांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम काढला, आणि १९७४ साली येलने अशा प्रवेशार्थींना ३ वर्षांत तज्ज्ञ परिचारिकेच्या पातळीस नेणारा क्रम आखला.

ही व्यवस्था निर्दोष नाही. तिचे शुल्क जबर असते, आणि अवधी संक्षिप्त असल्याने त्या काळात अर्थार्जन जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे ज्यांना वृत्त्यंतराची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ते परवडत नाही. तथापि तिच्यात एक तत्त्व सुस्पष्ट आहे. शरीररचना व रसायन यांसारख्या विषयांची कमतरता असेल तर तेवढी भरून काढावी. भाषा, समाज, मानसशास्त्र ह्यांचे जे शिक्षण आधी झाले ते पुन्हा लादू नये. सूट द्यावयाची ती रुग्णाजवळच्या प्रत्यक्ष कामात नव्हे, तर ज्याची पुनरुक्ती होते त्यात.

ह्या तत्त्वाला आपल्याकडे परकीय म्हणून बाजूस सारता येणार नाही. सीताबर्डीच्या त्या प्रसूतिगृहाचा आरंभ त्याच तत्त्वाने झाला होता; फरक इतकाच की तेव्हा त्याला नियमाचे रूप मिळाले नव्हते. नोंदणी, परिषद व पदवी यांनी जे मिळविले ते टाकून मागे जावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु ज्या व्यवसायाची येथील पायाभरणी आयुष्याच्या दुसऱ्या पर्वात आलेल्या स्त्रियांनी केली, त्याच्या प्रवेशनियमात दुसऱ्या पर्वाला जागाच नसावी, हे इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. कमलाबाई होस्पेट यांच्या वाट्यास निवड आली नव्हती. जे आले त्याचे त्यांनी सामर्थ्य केले. आज धंतोलीतील एखाद्या रुग्णालयाच्या दारी आपण होऊन उभ्या राहणाऱ्या पदवीधर स्त्रीला निवड आहे, पण वाट नाही. ती वाट कशी आखावी हे परिचर्याशिक्षणाच्या तज्ज्ञांनी ठरवावयाचे; ती पूर्वी होती, आणि तिच्यावरूनच हा व्यवसाय येथवर आला, एवढे दाखविणे हे इतिहासाचे काम.