उत्तर बरोबर, पण आलं कुठून?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने सुरुवात संगणकापासून न करता एका घोड्यापासून करावी, असं मी सुचवेन. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा. उत्तर असेल तितक्या वेळा खूर आपटायचा. १९०४ साली तज्ज्ञांनी त्याची तपासणी केली. लबाडी कुठेच सापडली नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली आणि हान्सचं गणित कोलमडलं. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, ती पाहून तो थांबत असे. (घोडा हुशार होताच, पण गणितात नव्हे!)

यंत्रांच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली यंत्राच्या विचारशक्तीचा प्रश्न बाजूला सारून संभाषणाची कसोटी सुचवली, तेव्हापासून कसोट्या बदलतच आल्या आहेत. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. यंत्र जिंकलं की ‘ही तर नुसती आकडेमोड’ म्हणून हात झटकायची आपली खोड जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे, थोडा रडीचा डावही आहे. कारण सामना होईपर्यंत बुद्धिबळ हेच बुद्धीचं लक्षण मानलं जात होतं.

मला अधिक पटते ती कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक फ्रान्स्वा शोले यांची २०१९ मधली मांडणी. कौशल्य किती आहे हे पाहू नका. किती थोड्या अनुभवावर नवं कौशल्य येतं ते पाहा, असं ते म्हणतात. आजच्या भाषा-प्रारूपांनी इतकं वाचलेलं असतं, की परीक्षेतला प्रश्न त्यांच्या वाचनात आधीच येऊन गेला नसेल, याची खात्री देणं कठीण. असं पाठांतर कामी येऊ नये म्हणूनच शोले यांनी रंगीत चौकटींची कोडी रचली: दोन-चार नमुने पाहायचे आणि त्यांतला नियम ओळखून नवी चौकट भरायची.

गणिताची धास्ती असलेल्यांनीही ही कोडी सोडवून पाहावीत. बरीचशी चटकन सुटतात. मग नियम नेमका कसा सुचला, ते पायरीपायरीने लिहून काढायला बसावं. या पुस्तकातली पुढची प्रकरणं त्यानंतर वाचायला घेतली तरी चालतील.