बळी, प्रायश्चित्त आणि दुखावलेला माणूस

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्या चैत्यात वा विहारात यज्ञकुंड नाही, बळीची वेदीही नाही. खालापूर तालुका ओलांडून पश्चिमेस गेले की पनवेल आणि पेण ही गावे लागतात. तेथे अनुक्रमे १८४९ व १८६३ साली उभारलेली बेने इस्रायल यहुद्यांची प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांतही बळीची वेदी नाही. दोन्ही परंपरांत बळी उरला नाही. परंतु त्यामागची कारणे मात्र अगदी वेगळी आहेत. पापाचे क्षालन कशाने होते, या प्रश्नाला यहुदी व ख्रिस्ती धर्मांनी दिलेली उत्तरे समजून घेतल्यास आपल्या भूमीतील ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचे खरे स्वरूपही उघड होते.

यहुदी धर्मशास्त्रातील ‘लेवीय’ या ग्रंथात बळीचे सविस्तर विधी आहेत. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक दोन बकरे घेई. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी एक ईश्वराला अर्पण होई व त्याचे रक्त परमपवित्र स्थानी शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक सर्व लोकांच्या पापांची कबुली देई आणि तो बकरा रानात सोडला जाई. एकाचा दोष दुसऱ्या जिवावर लादण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते. परंतु त्याच ग्रंथात आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्याला पक्षीही परवडत नाही त्या गरिबाने मूठभर नव्हे, पण ठरावीक मापाचे पीठ आणले तरी चालते. रक्ताची अट नाही. आणि ज्याने दुसऱ्याचे धन लुबाडले त्याने मूळ रक्कम व तिचा पाचवा हिस्सा अधिक असे धन्याला परत करून मगच दोषार्पण करावयाचे असते. पुढे आमोस, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी तर न्यायावाचून केलेले यज्ञ ईश्वराला नकोसे आहेत, असे निःसंदिग्धपणे बजावले.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि बळीची प्रथा थांबली. ती विचारांती टाकली गेली नव्हती. तिचे स्थानच नष्ट झाले होते. नंतरच्या यहुदी आचार्यांनी पश्चात्ताप, प्रार्थना व दान यांना बळीचे स्थान दिले. त्यांनी ‘मिश्ना’ या संग्रहात एक महत्त्वाचा नियम नोंदविला. माणसाने ईश्वराचा जो अपराध केला असेल त्याचे क्षालन प्रायश्चित्ताच्या दिवशी होते. परंतु माणसाने माणसाचा जो अपराध केला असेल तो, दुखावलेल्या माणसाचे समाधान केल्याखेरीज त्या दिवसानेही धुतला जात नाही.

कोकणातील बेने इस्रायल समाज तेलाच्या घाण्यावर उपजीविका करी व शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दीर्घकाळ त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हते. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. तरीही प्रायश्चित्ताचा दिवस त्यांनी ‘दारफळणीचा सण’ म्हणून जपला होता. दारे बंद करून, पांढरी वस्त्रे नेसून ते दिवसभर उपवास करीत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ पाळीत. नवसपूर्तीसाठी ते पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ करतात. त्यात काही अभ्यासकांना प्राचीन मंदिरातील अन्नार्पणाची छाया दिसते. याच समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ इस्रायल असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. जातिव्यवस्थेची लागण किती खोलवर जाते, याचा हा पुरावा होय.

ख्रिस्ती धर्माने बळीची कल्पना नाकारली नाही. ती एका व्यक्तीत पूर्ण झाल्याचे सांगितले. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ येशूला महायाजक आणि बळी या दोन्ही रूपांत पाहते. त्याने स्वतःला एकदाच अर्पण केले, म्हणून पुन्हा बळी नको, असे हे प्रतिपादन आहे. या मरणाने पाप कसे फिटते याविषयी मात्र ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने ते ईश्वराच्या अवमानाची भरपाई मानले. बाराव्या शतकात ॲबेलार्डने ते माणसाचे अंतःकरण पालटणारे प्रेमाचे दर्शन मानले. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथर १५१७ साली उभा राहिला. खुद्द येशूची शिकवण मात्र मिश्नातील नियमाच्या जवळची आहे: वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे मन दुखावल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा.

१८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे बेने इस्रायल ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. उलट हिब्रू शिकून ते आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी पुढे यहुदी प्रार्थना मराठीत आणल्या.

या साऱ्या व्यवहारात मूळ हिब्रू कल्पनेला मराठी शब्द मिळाला तो ‘प्रायश्चित्त’. हा शब्द निष्पाप नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्राह्मणहत्येच्या प्रायश्चित्ताचा केवळ सोळावा भाग शूद्राच्या हत्येस पुरेसा ठरविला आहे; आणि मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, कावळा मारल्यास शूद्रहत्येचेच व्रत सांगितले आहे. दुखावलेला कोण, यावर पापाचे वजन ठरत होते. मार्च १९२७ मध्ये याच जिल्ह्यातील महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली, आणि सनातन्यांनी १०८ घागरी, पंचगव्य व मंत्र यांनी तळे ‘शुद्ध’ केले. शुद्धी पाण्याची झाली. ज्यांची डोकी फुटली त्यांच्याकडे क्षमा मागण्यास कोणी गेले नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली.

तथागतांनी कूटदंत सुत्तात पशुहत्येविना झालेल्या यज्ञाची कथा सांगून त्याहून दान, शरणगमन व शील श्रेष्ठ ठरविले. येथे बळी परिस्थितीमुळे थांबला नाही, विचाराने नाकारला गेला. विनयपिटकात तर याहून थेट उदाहरण आहे. सुधम्म नावाच्या भिक्खूने चित्त गृहपतीचा अपमान केला, तेव्हा संघाने त्याला गृहपतीच्या दारी जाऊन क्षमा मागण्यास पाठविले आणि सोबत दुसरा भिक्खू दिला. चीवरधारी भिक्खूने गृहस्थापुढे नमावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. दुसऱ्याच्या बळीने आपला दोष फिटतो, हे आपण मानत नाही. परंतु यहुदी व ख्रिस्ती परंपरांतील जो विचार अपराध्याला दुखावलेल्या माणसाच्या दारी नेतो, तो आपल्याला परका नाही. कोणत्याही धर्माच्या प्रायश्चित्ताची कसोटी हीच ठरावी: ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापर्यंत पोहोचते, की वेदीपाशीच संपते? आणि हीच कसोटी आपल्या विहारातील व घरातील वर्तनालाही लावली पाहिजे.