काडतुसाचा डोस: नवशिक्यांच्या हातांचा आणि डोळ्यांचा इतिहास

गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट रक्तदाब तपासायला आले होते. सत्तरीचे, निवृत्त. कफ सोडवता सोडवता त्यांनी मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, जरा हा रिपोर्ट बघता? नातवाचा आहे. चार वर्षांचा आहे, टेक्सासला. रक्तात शिसं निघालंय म्हणे."

रिपोर्टमध्ये ७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असा आकडा होता. इकडच्या मुलात शिसे सापडले की मी सुरमा, भेसळीची हळद, जुना रंग, वैदूची भस्मे आणि बॅटरीचे काम यांची चौकशी करतो. तीच सुरू केली. यातले काहीच नव्हते. शेवटी ते जरा ओशाळून म्हणाले, "मुलगा वर्षभरापासून गॅरेजमध्ये बंदुकीची काडतुसं भरतो. छंद म्हणून. त्याचा काही संबंध असेल का हो?"

असू शकतो. शिशाचे उत्तर शेवटी देतो. जाता जाता त्यांनी जे विचारले, त्यासाठी हा लेख. "हे घरी भरायला देतात तरी कसे? आणि हाताबोटांचं काय?"

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगीची टोपी (मुलांच्या पिस्तुलातल्या टिकलीची थोरली बहीण), आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पितळी पुंगळी मात्र शाबूत राहते आणि सगळ्यात महाग तीच असते. ती साफ करून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा वापरायची, याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हे कायदेशीर आहे आणि लाखो लोकांचा छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

आता तुमच्या औषधाच्या डब्यातली तापाची गोळी काढा. तिच्यावर ६५० लिहिलेले असेल. सरळ ६०० किंवा ७०० का नाही? कारण जुने इंग्रज औषधविक्रेते ग्रेनमध्ये वजन करत. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा एक दाणा, आजच्या हिशेबात सुमारे ६५ मिलिग्रॅम. दहा ग्रेनची गोळी ती ६५०, पाच ग्रेनची ती ३२५. आपल्या वैद्यांची आणि सोनारांची गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची, म्हणजे दोन ग्रेनला थोडी कमी. औषधाच्या दुकानातून ग्रेन गेला, पण बंदुकीच्या दारूत अजून राज्य करतो. काडतूस भरणारा आजही दारू ग्रेनमध्येच मोजतो. एका ग्रॅममध्ये पंधराहून जास्त ग्रेन बसतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा एक ग्रॅमचा फरक दाखवतो, म्हणजे त्याला पंधरा ग्रेनपर्यंतचा फरक कळतच नाही. त्यावर काडतुसाची दारू मोजणे म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर हळदीची चिमूट तोलण्यासारखे.

म्हणून मी या सगळ्याकडे डोसचा इतिहास म्हणून पाहतो.

सुरुवातीच्या बंदुका बहुतेक ठासणीच्या. कोकणात रानडुकरे आणि माकडे हाकायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या अशा बंदुका आजही आहेत. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. प्रत्येक बार हा नव्याने भरलेला डोस, आणि मोजणारा अनेकदा थकलेला, भेदरलेला किंवा प्यालेला. फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे १५३७ मध्ये इटलीतल्या मोहिमेवर होता, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा. गोळीची जखम विषारी असते असे मानून त्या काळी तिच्यात उकळते तेल ओतत. पारेचे तेल संपले. त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला आणि रात्रभर काळजीने झोपला नाही. सकाळी तेलवाले तापाने फणफणलेले, लेपवाले बरे. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात असते. त्याच्याच लिखाणातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पहाऱ्यावरच्या एका जर्मन सैनिकाच्या दारूच्या कुप्पीने पेट घेतला. गडी भरपूर प्यालेला. एक दारू पोटात, दुसरी कुप्पीत. हात आणि तोंड भाजले. पारेने अर्ध्या चेहऱ्यावर ठेचलेला कांदा लावला आणि उरलेल्या अर्ध्यावर नेहमीची औषधे. कांद्याच्या बाजूला फोड आले नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. एकाच चेहऱ्यावर दोन उपचारांची तुलना, तीही सोळाव्या शतकात! (वाचून कोणी कांदा ठेचायला घेऊ नका. भाजल्यावर वीस मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी. कांदा, टूथपेस्ट, शाई, हळद यातले काही नाही.)

डोस चुकू नये म्हणून पुढे कागदी काडतूस आले. १८५७ म्हटले की आपल्याला काडतुसाची चरबी आठवते, पण ते काडतूस मुळात कशासाठी होते? एन्फिल्ड बंदुकीसाठी मोजलेली दारू, ६८ ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, गोळीसकट कागदात बांधलेली. दाताने कागद फाडायचा आणि ओतायचे. औषधाच्या पुडीसारखी ती एका वेळची पुडी होती.

पुडीमुळे मोजण्याची चूक टळली. आपण एकदा भरले आहे, हे विसरण्याची चूक टळली नाही. जुलै १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवीत गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्या. त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या. जवळजवळ १२,००० बंदुकांत दोन-दोन बार, सुमारे ६,००० मध्ये तीन ते दहा. एका बंदुकीत तेवीस बार एकावर एक ठासलेले निघाले. त्या गदारोळात आपला बार उडाला की नाही, हे शेजाऱ्याच्या आवाजात कळत नसे. माणूस पुन्हा भरत राही. "सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून परत घेतली," असे सांगणारे पेशंट मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात. त्यांना मी हसत नाही.

एवढे करूनही काळी दारू एका अर्थाने दयाळू होती. ती नळीत भरपूर जागा घेते आणि चिमूटभर जास्त पडली तर बहुधा खांद्याला दणका बसून भागते. खरा घोटाळा नव्या दारूने झाला. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली. मग नोबेलची आणि ब्रिटिशांची कॉर्डाइट आली. या दोन्हींत नायट्रोग्लिसरीन असते. छातीत दुखले की जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटची ती जवळची नातलग. कारखान्यातल्या कामगारांचे डोके सोमवारी ठणकत असे, कारण रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडायची. खुद्द नोबेललाही उतारवयात हृदयासाठी तेच औषध लिहून दिले होते.

नवी दारू वजनाला वजन घेतली तर काळीच्या कितीतरी पट जोरदार. पण शिकाऱ्याच्या हातातले माप जुनेच होते, आणि ते वजनाचे नव्हते, आकाराचे होते. बाप जे माप भरून ओतायचा, तेच मुलगा ओतायला लागला. फक्त डब्यातली दारू बदलली होती. लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या सुंदर नक्षीच्या जुन्या नळ्या फाटू लागल्या, आणि नळीखाली धरलेल्या डाव्या हाताची बोटे त्यात जाऊ लागली. कारखानदारांनी मग मुद्दाम फुगवलेली बिनधुराची दारू काढली, जुन्या मापाने ओतली तरी चालेल अशी. लोकांची सवय बदलता येईना म्हणून औषधच पातळ करण्यासारखे हे झाले. अमेरिकेत छऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यावर अजूनही 'इतक्या ड्रॅम काळ्या दारूइतके' असे छापतात, ती त्याच काळाची खूण.

म्हणजे हे लोक नवशिके नव्हते. जुन्या दारूत मुरलेले होते. नव्या दारूत मात्र सगळेच नवशिके. याच्याही आधी, १७८८ मध्ये, पॅरिसजवळ एसोन येथे पोटॅशियम क्लोरेटची नवी दारू करून पाहताना स्फोट होऊन दोघे मेले होते. त्या प्रयोगाशी बर्थोले आणि लाव्हाझिए यांच्यासारखी माणसे जोडलेली होती. आमच्या लहानपणी दिवाळीत गल्लीतली पोरे गंधक-पोटॅश खेळायची, त्यातला पोटॅश तो हाच.

घरी काडतुसे भरण्याची सवय अमेरिकेत पितळी पुंगळी आल्यावर रुजली. गवताळ मैदानात रानरेडे मारणाऱ्या शिकाऱ्याला दुकान शेकडो मैल लांब. पुंगळ्या जपून पुन्हा भरणे भागच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी कोठारांतली उरलेली दारू स्वस्तात विकली गेली आणि हा घराघरातला छंद झाला. हत्यारे सुधारली, मापांची पुस्तके निघाली.

चुका मात्र दोनच राहिल्या. पॉइंट थर्टी-एट स्पेशल नावाचे रिव्हॉल्व्हरचे काडतूस घ्या. ते १८९८ च्या सुमारास आले आणि काळ्या दारूच्या २१ ग्रेनला पुरेल एवढी त्याची पुंगळी. आजची झटकन जळणारी दारू त्यात तीन-चार ग्रेन लागते, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. पुंगळी बरीचशी रिकामी राहते. मध्येच फोन वाजला, मुलाने हाक मारली, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तर ती बाहेर सांडत नाही आणि वरून चटकन कळतही नाही. मग चक्र फुटते. उलटी चूक म्हणजे दारू पडायचीच राहते. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीत जाऊन अडकते, फुसका आवाज येतो. नवशिका म्हणतो, "हा वाया गेला," आणि पुढचा बार ओढतो. समोर वाट बंद असते. मुरलेली माणसे म्हणून पन्नास पुंगळ्या एका ओळीत उभ्या करून विजेरीने प्रत्येकीत डोकावतात आणि मगच गोळी बसवतात. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. उरलेली दारू मूळ डब्यातच परत, बिनलेबलच्या बरणीत कधीच नाही.

मी बंदूक फुटलेला हात पाहिलेला नाही. सुतळी बॉम्ब उकलून त्यातली दारू काढणाऱ्या पोराचा हात पाहिला आहे. अंगठा आणि त्यालगतची दोन बोटे जातात, कारण पकडणारी तीच. डोळ्यात पितळेचा किंवा पोलादाचा कण घुसतो तेव्हा कधीकधी फार दुखतही नाही, नुसते धूसर दिसते. असा डोळा चोळू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी पेल्याचे बूड वरून टेकवा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात, कापड पिशवीत, पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात घालायचे नाही.

राहिले शिसे. गोळीत ते असतेच, पण घरात पसरते ते मुख्यतः टोपीतून. पूर्वी टोपीत पाऱ्याचा स्फोटक क्षार असे, विसाव्या शतकात त्याची जागा शिशाच्या क्षाराने घेतली. बार झाला की त्याची राख पुंगळीत बसते. छंदी माणूस त्या पुंगळ्या मक्याच्या बुरकुंडाच्या किंवा अक्रोडाच्या भुशात घालून यंत्रावर घुसळून चकचकीत करतो. भुसा चाळला की बारीक धूळ उडते. ती कपड्यांवर, केसांवर, बुटांवर बसून गॅरेजमधून दिवाणखान्यात येते, आणि चार वर्षांचे मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते. मोठ्यांत शिशाने पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तदाब असा त्रास होतो. मुलांत बहुतेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. बुद्धी आणि लक्ष यांवर परिणाम होतो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाही. अमेरिकेत ३.५ च्या वर आकडा गेला की शिसे कुठून येते ते शोधायला सांगतात. सातला औषध लागत नाही, उगम बंद करावा लागतो.

त्या रात्री आजोबांच्या फोनवरून मुलाशी बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, "काका, मी दारूचं वजन दोनदा करतो, चष्मा लावतो, सगळं करतो." धुळीचे त्याला कोणी सांगितले नव्हते. घुसळायचे यंत्र घराबाहेर, चाळणी ओल्या पद्धतीने, त्या कामाचे कपडे वेगळे धुवायचे, टेबलाशी खाणे-पिणे बंद, गॅरेजची फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि स्वतःचेही रक्त तपासायचे, असे ठरले. बायको दुसऱ्यांदा गरोदर आहे, हे त्याने फोन ठेवताना सांगितले. तिचाही रिपोर्ट मी मागवला आहे. नातवाची पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी आहे.