ब्लास्को इबान्येस आणि शापित जमीन

स्पॅनिश सामाजिक कादंबरीच्या इतिहासात व्हिसेंते ब्लास्को इबान्येस (१८६७–१९२८) ह्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. व्हॅलेन्सिया ही त्यांची जन्मभूमी. तेथे १८९४ मध्ये त्यांनी ‘एल पुएब्लो’ हे प्रजासत्ताकवादी दैनिक काढले. क्यूबातील वसाहतयुद्धाविरुद्ध झालेल्या निदर्शनांनंतर अटक टाळण्यासाठी ते बंदराजवळच्या एका मद्यगृहात लपून राहिले. तेथे त्यांनी एक छोटी कथा लिहिली. तिचे हस्तलिखित मालकाकडेच राहिले. काही वर्षांनी ते हाती आल्यावर त्याच कथाबीजातून ‘ला बाराका’ ही कादंबरी सिद्ध झाली आणि १८९८ मध्ये ‘एल पुएब्लो’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली.

‘बाराका’ म्हणजे व्हॅलेन्सियाच्या बागायती प्रदेशातील शेतकऱ्याचे शाकारलेले घर. खंड थकल्यामुळे बार्रेत हा म्हातारा कूळ पिढीजात जमिनीवरून बेदखल होतो आणि विळ्याने जमीनमालकाचा खून करतो. ती जमीन पुन्हा कोणी कसायची नाही, असा निश्चय शेजारी करतात. दहा वर्षे पडीक राहिलेले ते रान म्हणजे मालकांना दिलेली मूक धमकी असते. तिच्या धाकाने इतर कुळांचे खंड वाढत नाहीत. पुढे बातिस्ते हा परगावचा कष्टाळू शेतकरी कुटुंबासह तेथे येतो आणि सारा परिसर त्याच्यावर उलटतो.

व्हॅलेन्सियात दर गुरुवारी प्रार्थनामंदिराच्या दारी शेतकऱ्यांचेच पंच पाटाच्या पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. ह्या प्राचीन न्यायसभेत पिमेंतो ह्या शेजाऱ्याच्या खोट्या तक्रारीवरून बातिस्तेला दंड होतो. त्याच्या धाकट्या मुलाला शाळेतली मुले पाटात ढकलतात आणि त्या आजारात तो दगावतो. अंत्ययात्रेपुरता गावाला पाझर फुटतो. परंतु अखेरीस बातिस्तेच्या हातून पिमेंतो मारला जातो आणि त्याची बाराका पेटवून दिली जाते.

येथेच लेखकाचे वेगळेपण प्रत्ययास येते. प्रजासत्ताकवादी प्रचारक असूनही त्यांनी दलित-शोषितांचे भाबडे उदात्तीकरण केले नाही. मालकाविरुद्धची न्याय्य एकजूट दुसऱ्या गरिबाचाच घास कसा घेते, हे त्यांनी निर्भीडपणे दाखविले. जमीनमालकी मात्र अबाधितच राहते.

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या सातशे प्रती निघाल्या होत्या. जॉर्ज एरेल ह्यांनी ‘शापित जमिनी’ ह्या अर्थाच्या शीर्षकाने केलेल्या फ्रेंच अनुवादानंतर तिची कीर्ती युरोपभर पसरली. पहिल्या महायुद्धावरील कादंबरीने (१९१६) लेखकाला अमाप वैभव मिळवून दिले. तथापि, स्पेनमधील हुकूमशाहीचा विरोधक म्हणून त्यांचा शेवट फ्रान्समध्ये, माँताँ येथे झाला. १९३३ मध्ये, प्रजासत्ताकाच्या काळात, त्यांचे अवशेष सन्मानाने व्हॅलेन्सियास आणण्यात आले.