फुकट पुस्तकामागचे हात

तळहाताएवढ्या वाचनयंत्रात हजारभर पुस्तकं मावतात आणि त्यांतली कितीतरी फुकट मिळतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण ती फुकट का मिळतात? हा इतिहास रंजक आहे मित्रहो, आणि त्यात आपल्यासाठी एक निरोपही आहे.

४ जुलै १९७१. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याला तिथला अवाढव्य संगणक वापरायची मुभा मिळाली होती. त्या काळी संगणक म्हणजे आकडेमोडीचं यंत्र. हार्टने त्यावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला आणि हवा त्याने घ्यावा, असं कळवून टाकलं. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा जन्म असा झाला. पुढे कितीतरी वर्षं हा माणूस पुस्तकं स्वतःच्या हाताने टाइप करत राहिला. २००० साली चार्ल्स फ्रँक्स यांनी हे काम वाटून घ्यायची युक्ती काढली. छापील पानाचं चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवायचा, स्वयंसेवकांनी एकेक पान तपासायचं. २००७ मध्ये किंडल बाजारात आलं, तेव्हा हजारो पुस्तकांचा हा साठा तयारच होता. हार्ट २०११ मध्ये वारले. आज तिथे सत्तर हजारांहून अधिक पुस्तकं आहेत.

ही चोरी नव्हे. लेखकाच्या हक्काला कायद्यानेच मुदत घातली आहे. आपल्याकडे ती लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं होती. १९९१च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा ती साठ वर्षांवर नेण्यात आली. अमेरिकेने १९९८ मध्ये वीस वर्षं वाढवली. त्यामुळे १९२३ साली तिथे प्रसिद्ध झालेली पुस्तकं मोकळी व्हायला २०१९ उजाडावं लागलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०११पासून त्यांची पुस्तकं सर्वांची झाली. मात्र जुन्या ग्रंथाला नव्या संपादकाने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा यांवर त्याचा हक्क असू शकतो, हे विसरू नये.

आता मराठीचं पाहू. 'विकिस्रोत'वर मुदत संपलेली मराठी पुस्तकं आहेत. 'ई साहित्य प्रतिष्ठान' लेखकांच्या संमतीने पुस्तकं विनामूल्य देतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पण जुनी मराठी पुस्तकं बहुतेक ठिकाणी पानांच्या चित्रांच्या रूपातच आहेत. लहान पडद्यावर चित्रातली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ती मोठी करावी, तर ओळ पडद्याबाहेर पळते. टाइप केलेला मजकूर मात्र अक्षर वाढवलं की आपोआप नव्या ओळीत बसतो. साठीपुढच्या वाचकाला हा फरक विचारा!

यंत्र आता मराठी पान वाचतं खरं, पण जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांपाशी अडखळतं. गद्यात एखादी वेलांटी चुकली तर वाचक सांभाळून घेतो. ओवीत ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तर चालच मोडते; कवी म्हणून मला ते फार बोचतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'वर आज कुणाचाही मालकी हक्क नाही. तुकोबा, एकनाथ, केशवसुत, बालकवी, सगळे आपलेच. पण कायद्याने पुस्तक मोकळं होतं, आपोआप वाचनीय होत नाही. त्यासाठी कुणीतरी पान समोर ठेवून, काना-मात्रा ताडून बसावं लागतं.

निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, सुट्टीतले विद्यार्थी यांनी हे मनावर घ्यावं. 'विकिस्रोत'वर कुणालाही असं पान तपासता येतं. फुकट पुस्तकं जरूर उतरवून घ्या. वाचून झालं की एखादं पान तपासूनही द्या. जुना कागद पिवळा पडतो, मग त्याचा भुगा होतो. तो आपल्यासाठी थांबणार नाही.