भीती विकणे आहे

मी कवी माणूस. संगणकाच्या आत काय चालतं, हे मला इतरांइतकंच कळतं. पण शब्दांनी माणसाला कसं घाबरवता येतं, हे मात्र थोडंफार ठाऊक आहे. संगणक सुरक्षेचा जो व्यवसाय जगभर उभा राहिला, त्याच्या इतिहासात यंत्रांइतकंच काम शब्दांनीही केलं आहे. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

1991 साली ऑस्ट्रेलियात एक विषाणू सापडला. तो फ्लॉपीतून पसरायचा, वर्षभर गप्प बसायचा आणि 6 मार्चला संगणक सुरू केला की हार्ड डिस्कवरच्या माहितीची वाट लावायचा. 6 मार्च हा थोर शिल्पकार मायकेलअँजेलोचा जन्मदिवस. विषाणूच्या आत त्या नावाचा मागमूसही नव्हता. तारीख पाहून संशोधकांनी ते नाव ठेवलं. नुसता क्रमांक दिला असता, तर त्याचा एवढा गवगवा झाला असता का?

1992 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका कंपनीचे शेकडो नवे संगणक हा विषाणू पोटात घेऊनच ग्राहकांच्या घरी गेल्याचं उघड झालं. म्हणजे धोका खोटा नव्हता. प्रश्न होता तो केवढा, याचा. विषाणूरोधक सॉफ्टवेअर विकणारे जॉन मॅकॅफी यांच्या नावावर पन्नास लाख संगणकांचा आकडा सगळीकडे गाजला. सॉफ्टवेअर धडाक्यात खपलं. 6 मार्च उजाडला आणि मावळला. नुकसानीची मोजदाद हजारांतच राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकॅफींच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. आधीच सावध केलं म्हणून अनर्थ टळला, असंही काहींनी म्हटलं. त्यात थोडं तथ्यही असेल. पण भीती विकणाऱ्याची सोय पाहा: संकट आलं तर तो द्रष्टा, नाही आलं तर तारणहार!

ही रीत विषाणूंच्याही आधीची. आयबीएम सोडून 1970 साली स्वतःची कंपनी काढणाऱ्या जीन अ‍ॅमडाल यांची तक्रार होती, की आपल्या यंत्रांकडे वळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात आयबीएमचे विक्रेते भीती, अनिश्चितता आणि शंका पेरतात. या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘फड’ हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे फड तमाशाचा असतो. इथेही तमाशाच, फक्त तिकीट महाग.

पुढे हा व्यवहार थेट दुकानाच्या काउंटरवर आला. अमेरिकेतल्या ‘ऑफिस डेपो’ या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी करून देत. सुरुवातीला चार साधे प्रश्न विचारत: संगणक संथ चालतो का, मधेच बंद पडतो का, वगैरे. तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप असा, की यांतल्या एकालाही ‘हो’ म्हटलं, की तपासणीत काहीही आढळो, निदान ठरलेलं असे: रोगाची लक्षणं आहेत. मग शेकडो डॉलरांची दुरुस्ती. 2019 मध्ये ते दुकान आणि सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रातले तज्ज्ञ इयन लेव्ही यांनी 2017 मध्ये या धंद्याला सरळ मध्ययुगीन जादूटोण्याची उपमा दिली. तुम्हाला यातलं काही कळत नाही, माझा ताईत घ्या, असं हे सांगणं आहे, असा त्यांचा रोख होता. ताईत आपल्याला नवा नाही. तो उरुसात मिळतो, जत्रेतही मिळतो. विकणारा आधी बाधेचं नाव सांगतो, किंमत मागाहून.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने दीडशे देशांत धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच मोफत दिली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती, एवढंच. भीतीच्या बाजाराचं खरं नुकसान हे आहे. फुकटच्या, कंटाळवाण्या उपायाची जाहिरात कोण करणार?

आणि घाबरून ताबडतोब आज्ञा पाळायची सवय एकदा लागली, की तिचा फायदा चोरही घेतो. ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली आपल्याकडे कित्येक वृद्धांची आयुष्यभराची पुंजी गेली. अशी अटक कायद्यात कुठेच नाही. पण पडद्यावरचा दरडावणारा आवाज ऐकून हात आपोआप बँकेच्या खात्याकडे जातो.

म्हणून धोक्याची सूचना कानी आली, की प्रथम विचारावं: सांगणारा काय विकतो आहे? मोफत उपाय आहे का? आणि आजच्या आज, याच क्षणी, अशी घाई कशासाठी? महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळी ठेवावी, संगणक आणि मोबाइल अद्ययावत ठेवावेत, पासवर्ड कुणाला सांगू नये. फसगत झालीच, तर 1930 हा सरकारी क्रमांक लगेच फिरवावा. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.